आमच्या घरची तीन मतं

मित्रांनो, तुम्ही मला शंभरदा बघितलंय आणि एकदाही बघितलेलं नाही. घरांपुढच्या लॉनवर रोवलेले घरविक्रीचे, निवडणुकीचे बोर्ड तुम्ही वाचता. बोर्डावरचा हसरा चेहरा बघता. तो चेहरा कोणाच्या जिवावर उभा असतो, ते कोण बघतंय? मी बोर्डाच्या आतला तारेचा सांगाडा. दोन पाय जमिनीत, दोन हात वर, मधे आडव्या काड्या. प्लास्टिकचा पोकळ बोर्ड वरून माझ्या हातांत खोचला की झालं. बोर्ड दर वेळी नवा येतो. मी तोच.

आता जुना झालोय. गंज आहे, एक पाय वाकडा आहे. पण रडगाणं गायला मी आलेलो नाही. वाकड्या पायावरही ताठ उभं राहता येतं, हे सांगायला आलोय.

माझा जन्म कारखान्यातला. यंत्रानं तार ओढली, कापली, वाकवली, चार ठिणग्या उडाल्या, झालो तयार. आई-बाप कोण ते विचारू नका. गठ्ठ्यात बांधून मला विनिपेगला पाठवलं, आणि मी ग्लेनच्या हाती लागलो.

ग्लेन घरं विकायचा. माझ्यावर पहिला बोर्ड त्याचाच. त्याचे दात, त्याचा टाय आणि एक मोठा बाण: घर बघायला इकडे या. गावाच्या अगदी टोकाला नवी वस्ती होत होती. तिथल्या एका कोपऱ्यावरच्या घरासमोर त्यानं मला रोवलं. पुढेच बसचा स्टॉप. एका रविवारी नागपूरचे विलासराव आले, मागे त्यांची बायको अरुणाताई, आणि फुगलेल्या स्नोसूटमधे गोल झालेली त्यांची मुलगी ऊर्मी. या परक्या देशात नवे होते. बाकीचे एजंट फोन उचलत नव्हते. ग्लेननं त्यांना अख्खं घर दाखवलं, बेसमेंटसुद्धा, आणि निघताना ऊर्मीला खायला गोड गोळी दिली. विलासराव ते कधी विसरले नाहीत.

घर विकलं गेलं. ग्लेन आपला चेहरा काढून घेऊन गेला आणि मला तिथेच सोडून गेला. विलासरावांचा स्वभाव असा की काही टाकायचं नाही. मी गेलो गराजमधे, विंटर टायर्सच्या मागे.

मग मला किती कामं! मराठी मंडळाचा गणपती आला की माझ्यावर पुठ्ठा लागायचा, 'पार्किंग इकडे'. उन्हाळ्यात अरुणाताई मला मागच्या अंगणात टोमॅटोला टेकू म्हणून लावायच्या. टोमॅटो काय सुंदर यायचे! तेव्हा सगळे म्हणायचे, हा सांगाडा मजबूत आहे हो. हिवाळा आला की पुन्हा गराज. कधी फावडं अंगावर पडायचं, कधी बर्फ वितळवायला आणलेलं मीठ. तेव्हा माझी आठवण कोणालाच नसायची. तेही चालायचं. आपण वस्तू.

पण दोन हजार अठराच्या शरदात जे झालं, त्यानंतर मी स्वतःला नुसती वस्तू म्हणणं सोडलं.

त्या ऑक्टोबरमधे महापालिकेची निवडणूक होती आणि आमच्या वॉर्डातून ग्लेन उभा राहिला. केस पांढरे झालेले, दात तेच. तो ड्राइव्हवेवर आला तेव्हा मी गराजच्या उघड्या दारातून सगळं ऐकत होतो. विलासरावांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले की काळजी करू नकोस, आमच्या घरची तीन मतं तुझीच.

ऊर्मी तिथेच बुटांच्या नाड्या बांधत होती. नुकती अठराची झालेली, युनिव्हर्सिटीच्या पहिल्या वर्षाला. ग्लेन गेल्यावर तिनं वर बघितलं.

"बाबा, डिड यू जस्ट गिव्ह हिम माइन?"

विलासराव हसले. म्हणाले, अगं, घरातल्या घरात काय तुझं नि माझं.

आता ऊर्मीला ग्लेन का नको होता ते सांगतो. ग्लेनच्या पत्रकात लिहिलं होतं की आमच्या भागातली संध्याकाळची बस रिकामी धावते, ती बंद करू, इथे सगळ्यांकडे गाड्या आहेत. सगळ्यांकडे? मी त्या स्टॉपसमोर जन्म काढलाय. त्या रिकाम्या बसमधून कोण उतरतं ते मला विचारा ना. क्लासवरून ऊर्मी उतरते. बेसमेंटमधे भाड्यानं राहणारा राजस उतरतो. तो पुण्याचा, कॉलेज करून ग्रोसरीच्या दुकानात काम करतो. आणि अरुणाताई उतरतात. त्या म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममधे कामाला आहेत. गाडी एकदा शिकल्या, पहिल्याच बर्फात घसरून ढिगाऱ्यात घातली, पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. विलासराव म्हणायचे, बस कशाला, मी येतो की घ्यायला. यायचेही. पण मीटिंग असली की अरुणाताई तिथल्या लॉबीत कोट घालून बसून राहायच्या, कोणाची तरी वाट बघत. बसचं तसं नव्हतं. बस त्यांना कधी 'थांब जरा, आलोच' म्हणाली नाही.

ग्लेनच्या विरोधात नोरा नावाची बाई होती. तिनं कित्येक वर्षं शहराची बस चालवलेली. ती म्हणत होती, बस राहील. ऊर्मी तिच्यासाठी दारोदार फिरायला लागली.

दसऱ्याला मंडळाचा कार्यक्रम होता. एका शाळेचा हॉल घेतला होता. बाहेर पार्किंगच्या बाणाचं काम करून मी आत दारापाशी भिंतीला टेकलो होतो. आपट्याची पानं इथे कुठली, कागदाची सोनेरी पानं कापून वाटली. मग मंडळाचे अध्यक्ष सूर्यकांतकाका स्टेजवर आले, शेजारी ग्लेन, गळ्यात शाल. काका आधी इंग्रजीत बोलले, मग मराठीत म्हणाले की ग्लेनला मी शब्द दिलाय, आपल्या मंडळाची सगळी घरं, सगळी मतं त्याच्या पदरात. टाळ्या पडल्या. विलासरावांनी सगळ्यात जोरात वाजवल्या.

मागच्या रांगेत मंडळाची पोरं बसली होती. हीच ती, ज्यांना आई-बाप मराठीत विचारतात आणि ती इंग्रजीत उत्तर देतात. सगळ्यांची मान फोनमधे. त्यातून ऊर्मी उठली. घरात ती मराठीत 'हो' आणि 'नको' याच्यापुढे जात नसे. पण त्या दिवशी ती मराठीत बोलली. अडखळत, पण अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं.

"काका, तुम्ही माझं मत पण दिलं. मला विचारलं नाही."

सूर्यकांतकाका हसून म्हणाले, "अगं बेटा, हे मोठ्यांचं काम आहे. तुम्ही कुठे मतदानाला जाता? तुम्हाला तर रविवारी दहाला उठवत नाही."

हॉल हसला. ऊर्मी नाही हसली.

"जाणार आहे. आणि तुमच्या माणसाला नाही देणार."

ती खाली बसली. मागच्या रांगेतले फोन खाली गेले होते. ग्लेनला शब्द कळले नाहीत, पण सगळ्या माना मागे वळलेल्या दिसल्या असणार. शाल सारखी करत होता.

घरी आल्यावर विलासरावांनी मला गाडीतून काढलं ते जवळजवळ आपटलंच. ऊर्मीला म्हणाले, चारचौघांत बापाचं नाक कापलंस. आपण नवे होतो तेव्हा ज्यानं दारात उभं केलं, त्याला असं? चिडले की त्यांची नागपुरी वर यायची. "काहून असं केलं? त्यानं आपलं काय वाकडं केलं?"

तिनं शांतपणे सांगितलं की तुम्ही त्याचे उपकार फेडा, तुमच्या मतानं. माझ्या मतानं मी आईची बस वाचवणार आहे.

अरुणाताई किल्ल्या हातात घेऊन दारात उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी विलासरावांनी मला लॉनवर रोवलं आणि माझ्या हातांत ग्लेनचा बोर्ड खोचला. इतक्या वर्षांनी तेच दात पुन्हा माझ्या डोक्यावर. बोर्ड रस्त्याला आडवा लावतात, म्हणजे येणाऱ्याला एक बाजू दिसते आणि जाणाऱ्याला दुसरी. विलासराव ऑफिसला गेले आणि ऊर्मी बाहेर आली. गणपतीच्या मखरातला उरलेला पुठ्ठा तिनं रंगवून आणला होता, वर ग्रोसरीची पारदर्शक पिशवी गुंडाळलेली. ग्लेनच्या बोर्डाला पाठ लावून तिनं तो मला झिप टायनं, म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्यांनी, बांधला. त्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरात होतं: या घरातलं एक मत माझं आहे. मी ते बसला देणार.

मित्रांनो, असं कधी झालं नव्हतं. गावाकडून येणाऱ्याला ग्लेन दिसायचा आणि परत जाणाऱ्याला ऊर्मी. शेजारी गाडी हळू करून हसायचे. सूर्यकांतकाकांचा फोन आला म्हणे, की विलास, तुझ्या घरात बंड झालंय. विलासराव रोज संध्याकाळी ड्राइव्हवेवर उभे राहून त्या पुठ्ठ्याकडे बघायचे. काढायचे मात्र नाहीत. का, ते मला एका सकाळी कळलं.

आदल्या दिवशी वारा सुटला होता, बर्फाचा पहिला शिडकावा, आणि मी आडवा पडलो. माझा पाय वाकला तो तेव्हाच. ऊर्मीचा पुठ्ठा खाली, ओल्या गवतात. ग्लेन वर, आभाळाकडे बघत दात काढून. सकाळी विलासराव एकटेच बाहेर आले. मला तसाच पडू दिला असता तर कोणी विचारलं नसतं, वाऱ्यानं पडला म्हटलं असतं. त्यांनी मला उचललं. वाकडा पाय बुटाखाली धरून होता होईल तेवढा सरळ केला, जमिनीत दाबला. एक झिप टाय तुटला होता. ते गराजमधे गेले, नवा घेऊन आले आणि पुठ्ठा पुन्हा घट्ट बांधला. बांधताना पुटपुटत होते की अक्षर बघा पोरीचं, लांबून वाचता येत नाही.

मग मतदानाचा दिवस आला. संध्याकाळी सहाच्या सुमाराला विलासराव गाडी काढून तयार. सूर्यकांतकाका पुढच्या सीटवर. ठरलं होतं की मंडळाचे लोक गाड्या भरभरून जाणार. पण गाडी निघायच्या आधी आमच्या स्टॉपवर एक मुलगा आला. मग दोन मुली. मग मागच्या गल्लीतून एक घोळका. दसऱ्याला मागच्या रांगेत फोनमधे मान घालून बसलेली तीच पोरं, कोणी टोपी उलटी घातलेली, कोणाच्या हातात कॉफी. ऊर्मीनं त्यांच्या ग्रुपवर एवढंच लिहिलं होतं: आमच्या स्टॉपवर या, त्याच बसनं जाऊ. रांग माझ्यापर्यंत आली. राजसही रांगेत उभा. तो इथला नागरिक नाही, त्याला मत नाही. सूर्यकांतकाकांनी काच खाली करून त्याला टोमणा मारलाच, तू कुठे निघालास बाबा?

राजस म्हणाला, "मत नाही देता येत काका. रांग तर लांब करता येते."

काकांनी काच वर केली.

तेवढ्यात दार उघडलं आणि अरुणाताई बाहेर आल्या. कोट, मफलर, पर्स. विलासरावांनी हात लांब करून मागचं दार उघडलं. अरुणाताई गाडीपाशी आल्या, दार हातानं लावून टाकलं, आणि लॉन ओलांडून रांगेत ऊर्मीच्या मागे उभ्या राहिल्या.

विलासरावांनी हॉर्न दिला. हळूच, विचारल्यासारखा.

"तुम्ही व्हा पुढे," अरुणाताई म्हणाल्या. "मी माझ्या बसनं येते."

बस आली तेव्हा ड्रायव्हरनं इतकी माणसं बघून डोळेच मोठे केले. ती रिकामी बस त्या दिवशी उभ्यानं भरून गेली. विलासराव बराच वेळ इंजिन चालू ठेवून तिथेच बसले होते. काका काहीतरी बोलत होते. ते ऐकत होते असं मला वाटलं नाही.

निकाल सांगू? नोरा हरली. पण ग्लेन जिंकला तो इतक्या थोड्या मतांनी, की त्याला घाम फुटला असणार. काकांनी दिलेली घरं आतून फुटली होती. प्रत्येक घरात एक तरी ऊर्मी निघाली.

आठवड्यानं ग्लेन पुन्हा ड्राइव्हवेवर. विलासराव हात पुढे करून अभिनंदन करायला गेले. त्यानं हात मिळवला आणि विचारलं, "इज ऊर्मी होम?"

विलासरावांचा चेहरा त्या क्षणी असा झाला, की मला बोर्ड असता तर मी त्याच्यामागे लपलो असतो.

ऊर्मी बाहेर आली. त्याला घरात या म्हणाली नाही. म्हणाली, बसबद्दल बोलायचं असेल तर स्टॉपवर उभं राहून बोलू. त्या गारठ्यात बस येईपर्यंत तिनं त्याला तिथे उभा केला. तो पाय आपटत होता, नाक लाल झालं होतं, आणि पहिल्यांदाच त्याचे दात दिसत नव्हते. बस आली, त्यातून अरुणाताई उतरल्या, त्याला "हॅलो" म्हणून घरात गेल्या. ती बस अजून येते. मी रोज बघतो.

पुढच्या वर्षी देशाची निवडणूक आली. पुन्हा कार्यकर्ते दारावर, पुन्हा बोर्ड. मी मागच्या अंगणात टोमॅटोपाशी होतो. पण विलासरावांचा आवाज मोठा आहे, ऐकू आला. त्या माणसानं विचारलं असणार, तुमच्या घरची मतं कोणाला?

"माझं मला माहीत," विलासराव म्हणाले. "बाकी दोघींना बेल वाजवून विचारा. आणि बाहेर उभं राहायची तयारी ठेवा."

तर मित्रांनो, ज्यांना नुकती अठरा पूर्ण झालीत त्यांना सांगतो. मी लोखंड आहे. माझ्या हातांत कोणीही कोणाचाही चेहरा खोचावा, मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं. मला गराजमधे टाकलं की गंज चढतो. तुमचं मत घरी ठेवलंत की त्यालाही तोच चढतो, आणि मग दुसरा कोणी ते तुमच्या नावानं वाटून मोकळा होतो. त्याला जपा. वापरा. हसणारे हसू देत. पाय वाकला तर वाकला, पण कोणाच्या शालीखाली झाकले जाऊ नका.

आणि हो, बोर्ड उतरवलात की आतला सांगाडा फेकू नका. पुढची निवडणूक येतेच आहे. मी उभा राहायला तयार आहे. तुमचं तुम्ही बघा.