अपेंडिक्सचा निरोप माझ्या तोंडून गेला

"राँग नंबर? मम्मी, ती लूस होती!"

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"शेजारी इंग्लिश आहेत. त्यांना मराठी कुठे कळतं?"

मी फोन बोलतोय. लंडनच्या पिनर उपनगरातल्या घरातला, जिन्याखालच्या स्टुलावरचा, हिरवा, डायलवाला. आणि मी भयंकर चिडलोय.

त्या एकोणनव्वद सालच्या मार्चमध्ये रश्मीने जीव द्यायचा प्रयत्न केला. पंधरा वर्षांची पोर. अँब्युलन्स तिच्या आईने, वैजयंतीने, माझ्यावरूनच बोलावली. घाईत तिचं बोट डायलमधून दोनदा निसटलं. तिने पोर वाचवली, ते मी नाकारत नाही. पण पोर शुद्धीवर येते न येते तोच याच बाईने तिथल्या मराठी मंडळातल्या घराघरात कळवलं, "अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं."

माझ्या तोंडून! मला विचारलं कुणी?

मग ते खोटं निभवायला पथ्य आलं. मंडळातल्या मधुमतीकाकू कधी टपकतील नेम नाही, म्हणून धडधाकट पोटाच्या पोरीला रोज मऊ भात. लोणचं बंद! तिच्या मनात काय चाललंय हे विचारायला मात्र घरात कुणाची जीभ उचलेना. ते विचारायचे फक्त हॉस्पिटलात अशा पोरांसाठी भरणाऱ्या गुरुवारच्या ग्रुपमध्ये. तिथेच तिला लूस भेटली. मूळची कोलंबियाची, तीही मरणाच्या दारातून परतलेली. दोघी माझ्यावरून बोलायच्या तेव्हा रश्मी हसायची. त्या घरात ते हसू फक्त मी ऐकलंय.

आणि वैजयंतीने ग्रुपच बंद केला. मंडळातलं कुणी पाहिलं तर? त्या दिवशी लूसचा फोन आला, तर "राँग नंबर" म्हणून मला आपटलं.

"मला गुरुवारी जायचंय, मम्मी."

"आधी सत्यनारायण होऊ दे. ऑपरेशन सुखरूप झालं म्हणून सगळ्यांना बोलावलंय."

"कुठलं ऑपरेशन?"

तेवढ्यात मी वाजलो. मधुमतीकाकू.

"वैजू, टाके सुकले का गं पोरीचे?"

"हो, हो, सुकत आलेत," वैजयंतीच्या आवाजात साखर.

पुढे बटणांचा फोन आला आणि मी गॅरेजात पडलो, वायर कापलेला. माझं जाऊ द्या. पण तुमच्या फोनला असलं ओझं वाहायला लावू नका. पोरीची खुशाली गावाला कळवण्याआधी पोरीलाच विचारा.

त्या दिवशी, काकू लाइनवर असतानाच, रश्मीने रिसीव्हर आईच्या हातून ओढून घेतला. एरवी मराठीत अडखळणारी पोर एका दमात बोलली, आणि भांडण तिथेच संपलं:

"काकू, माझं अपेंडिक्स आतच आहे, मला मरायचं होतं, आता जगायचंय, आणि त्यासाठी गुरुवारी ग्रुपला जायचंय, मम्मी तुम्हाला घाबरते, तर तुम्हीच तिला सांगा."