बाटलीतला राणी रंग

मी एक जुनी, जाड काचेची बाटली आहे. पोटावर मापाच्या रेघा आहेत. मित्रांनो, माझी कहाणी ऐकताना नाक मुरडलेत तरी चालेल. मी स्वतः जन्मभर तेच करत आले आहे.

माझी पहिली नोकरी सुरतेच्या एका दवाखान्यात. ऑपरेशन झालेल्या माणसाच्या पोटातून नळी निघे आणि पू, पाणी, रक्त माझ्यात गळे. त्याला तिथे डिस्चार्ज म्हणत. रोगी बरा होऊन घरी निघाला की त्यालाही डिस्चार्जच म्हणत. मला शिसारी येई. पण तारा सिस्टर रोज रेघ बघून खरा आकडा लिहायच्या, कारण बाहेर काय पडते त्यावरून आत काय चालले आहे ते कळते. तेवढा मान मला होता.

पुढे दवाखान्यात प्लास्टिक आले आणि मी भंगारातून सुरतेच्याच भेस्तान भागात, कापड रंगवणाऱ्या एका डाईंग मिलमध्ये पोहोचले. तिथे डिस्चार्ज म्हणजे मागच्या गटारात सोडलेले रंगाचे पाणी. प्रदूषण तपासणीचे सरकारी साहेब आले की त्याचा नमुना माझ्यात भरून द्यायचा. ते काम भटूकडे होते. भटू खानदेशचा, मिलमध्ये रंग कालवायचा. गावाकडच्या धरणातून किती विसर्ग सोडला, हे तो मोबाइलवर वाचून सगळ्यांना सांगे. मिलमधून किती सुटते, हे मात्र कोणी विचारायचे नाही.

साहेब केबिनमध्ये चहा घेत असत, तेव्हा सुपरवायझर मगनभाई हळूच म्हणत, "भटूभाई, कॅन्टीनना नळमांथी भरी ले ने!"

भटू नळाचे पाणी भरी. फार स्वच्छ दिसू नये म्हणून वर चिमूटभर मातीही टाकी. मित्रांनो, पू पोटात घेतानाही मला इतकी किळस आली नव्हती.

मग मिलमध्ये नव्या बाटल्या आल्या. भटूने मला तेलासाठी त्याच गटाराजवळच्या आपल्या घरी नेले. त्याच्या बायकोने, रुक्मिणीने, मला विसळायला बोअरचे पाणी भरले आणि ती थबकली. तांबड्या बादलीत जे कधी दिसले नव्हते, ते काचेत दिसले. पाणी गुलाबी होते. शेजारी त्यांची लहानगी हर्षदा हातावरचे फोड खाजवत बसली होती. त्यांतून पू येत होता.

"हाऊ रंग ते तुमना मिलना शे ना?" रुक्मिणीने विचारले.

भटूने मला उजेडात धरले. महिनाभर तोच गडद गुलाबी राणी रंग तो स्वतः कालवत होता. तो मोरीत जाऊन भडाभडा ओकला.

पुढच्या तपासणीला त्याने मला त्याच बोअरच्या पाण्याने भरून नेले आणि साहेबांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवले.

"साहेब, ये मेरे घर का पानी है. मेरी लडकी यही पीती है. और वो नमुना मैंने नल से भरा है."

मगनभाईंनी त्याच दिवशी त्याचा गेटपास काढून घेतला. साहेबांनी माझ्या तोंडाला लाखेचे सील लावले.

आता मी त्यांच्या कचेरीच्या कपाटात आहे. मिलच्या चौकशीचा निकाल अजून आलेला नाही. रंग तळाशी बसला आहे, अंग आतून बरबटले आहे, माझी मलाच किळस येते. तरी मित्रांनो, एवढीच विनवणी आहे. मला कोणी धुऊ नका.