अबाहचा कोयता आणि शेवग्याचं सार

जावा बेटावरच्या लाबुआन बंदरात माशांचा लिलाव आटोपला की एरवी तिथं कुत्रं फिरकत नाही. त्या दुपारी मात्र बर्फाच्या पेट्यांवर, होड्यांच्या काठांवर, मिळेल तिथं माणसं बसली होती. ढोल घुमत होता. मध्यभागी काळ्या कपड्यांतले मंत्रवाले गुरू अबाह सर्मिन लवंगेची सिगारेट ओढत उभे होते आणि समोर उघड्या अंगानं बावीस वर्षांचा दुदुंग.

अबाहनी हातभर कोयता उचलला, हिरवा ऊस हवेत धरला आणि टोकानं खस्सकन कापला. मग तोच कोयता त्यांनी दुदुंगच्या पोटावर हाणला. थप्प! बाया किंचाळल्या. पोटावर लाल पट्टा उठला, पण रक्ताचा थेंब नाही.

"हा कोयता माझ्या पणज्यानं क्राकाताऊ ज्वालामुखीच्या तोंडात बुडवून काढलाय!" अबाह गरजले. "पोलादाला कळतं, कुणाला कापायचं नि कुणाला नाही!"

पोलादाला एवढी अक्कल असती, तर एन्तिनच्या दहाही बोटांवर वण नसते. दुदुंगची ही थोरली बहीण अठरा वर्षं याच बंदरावर मासे कापत होती. आई गेल्यावर त्याच पैशांवर तिनं भावाला वाढवलं. बाकीचे अबाहच्या तोंडाकडं बघत होते, एन्तिन त्यांच्या हाताकडं बघत होती. ऊस कापताना कोयत्याचं टोक पुढं होतं. पोटावर मारताना मुठीजवळचा भाग.

"उद्या खाडीपलीकडच्यांशी गाठ आहे," अबाह म्हणाले. "त्यांनी आपली जाळी फाडली. माझा हा चेला उघड्या छातीनं सगळ्यांच्या पुढं चालेल. त्यांचे कोयते गवताच्या पात्यासारखे वाकतील!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. पलीकडच्यांचे कोयते एन्तिनला ठाऊक होते. धार लावणारा तिच्या शेजारीच बसायचा, आणि आठवडाभर तो दुसरं काही करतच नव्हता.

तिनं भावाला आदल्या दिवशीही विनवलं होतं. तो म्हणाला होता, "ताई, तू मासे काप. तुला यातलं काय कळतंय?" चाळीस दिवस त्यानं तिच्या हातचं शेवग्याच्या पाल्याचं सार तोंडात घेतलं नव्हतं, वाळत घातलेल्या कपड्यांखालून तो गेला नव्हता. शेवगा पोटात गेला किंवा डोक्यावरून ओलं कापड गेलं की अंगातली शक्ती उतरते, असं अबाहनी बजावलं होतं.

आणि कोयता? त्याला कुणी बोट लावलेलंच नव्हतं. थोरांच्या कोयत्याला हात घालणं म्हणजे थोरांच्या डोक्याला हात घालणं, अशी तिकडची रीत. अबाहचं सगळं दुकान या एका रीतीवर चाललं होतं.

एन्तिन उठली. एका हातात सुरी, दुसऱ्या हातात कुपा मासा, अंगाला खवल्यांचा वास.

"अबाह, मला मारा."

"मागं हो! बाईमाणूस रिंगणात आलं की शक्ती निघून जाते!"

"मग तर बरंच झालं. शक्ती गेल्यावर कोयता काय करतो ते बघू." तिनं सुरी-मासा पेटीवर ठेवला आणि अबाहच्या हातातून कोयता हिसकावला. पुढचे लोक दोन पावलं मागं सरले.

"ताई!" दुदुंग ओरडला. "मरशील!"

"ऐका सगळे! सकाळी मी दोन वाट्या शेवग्याचं सार प्यायलेय. येताना ओल्या कपड्यांच्या दोरीखालून आलेय, मुद्दाम. मंत्र मला एकही येत नाही." आणि तिनं मुठीजवळचा भाग स्वतःच्या दंडावर हाणला. थप्प! पुन्हा एकदा. थप्प! लाल पट्टा उठला. रक्त नाही.

म्हातारी माक इरोह पेटीवरून खिदळली, "अगं बाई, शेवग्यातही शक्ती असते होय!"

"हिच्या अश्रद्धेनं कोयत्याची धार पळाली!" अबाह ओरडले.

"मग टोकाला चार बोटं धार कशी राहिली? तेवढ्यापुरती श्रद्धा होती का माझी?" तिनं कोयता उंच धरून पात्यावरून अंगठा फिरवला. "बघा. पुढं धार. मागं मुठीपर्यंत कानस मारून गोल केलंय. ऊस पुढच्यानं, पोट मागच्यानं!"

मग तिनं कोयत्याचा तोच मागचा भाग कुप्यावर हाणला. मासा चेपला, कापला नाही. तिनं आपली सुरी घेतली, माशाच्या अंगावर नुसती टेकवून जरा दाबली. कातडं दबलं, फाटलं नाही. "दुदुंग, इकडं बघ. नुसती दाबलेली सुरी चटकन कापत नाही, आणि अबाह पातं पोटावर टेकलं की थांबतात, ओढत नाहीत. आता बघ." तिनं सुरी वीतभर ओढली. मासा काट्यापर्यंत उघडला.

"उद्या ते लोक दाबणार नाहीत, राजा. ओढतील."

तिनं सुरी मुठीकडून अबाहपुढं केली. "घ्या. चेल्याचं पोट नको. तुमचं."

अबाहना एकाएकी आठवलं, की आजचा वार वाईट आहे. त्यांनी ढोल उचलायला लावला आणि कोयता तिथंच टाकून ते निघाले.

दुदुंगनं तो उचलला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं गुरूच्या पात्यावर अंगठा ठेवला आणि मुठीपासून पुढं नेला. गोल, गोल, गोल. टोकाशी रक्त आलं. त्यानं अंगठा तोंडात धरला. मग सदरा घातला. त्याच्यामागं कोयत्याला बोट लावून बघायला रांग लागली.

जाळ्यांचं भांडण काही एवढ्यानं मिटलं नाही. दुसऱ्या दिवशी गावची माणसं फाटकी जाळी घेऊन पलीकडं गेली, कोयत्यांशिवाय. दिवसभर घसे बसेस्तोवर भांडली आणि सगळीच्या सगळी परत आली. एन्तिन काही शिकलेली बाई नव्हती. तिनं एवढंच केलं, की जिथं बघायला बंदी होती तिथं बघितलं. कुणी म्हणालं, विश्वास ठेव पण हात लावू नकोस, तर आधी हात लावावा. खऱ्या गुरूचा त्यात अपमान होत नाही, आणि खोट्याचा होत असेल तर जरूर करावा.

त्या संध्याकाळी दुदुंग ताटावर बसला. एन्तिननं साराची वाटी पुढं ठेवली. त्यानं ती तोंडाला लावून रिकामी केली.

"ताई, शेवगा अजून आहे?"

"चाळीस दिवसांचा साठलाय," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.