खळ्याला कुलूप

आनंदराव सरपंचाला चालताना बघितलेला माणूस वाडीत शोधून सापडला नसता. वरच्या आळीला चहाला जायचं असलं तरी गडी मोटरसायकलीला किक मारणार आणि चार घरं ओलांडली की उतरणार. अशा माणसानं एका सकाळी देवळापुढं माईक धरून सांगितलं की, लहानापासून थोरापर्यंत सगळ्यांनी व्यायाम केला पाहिजे, म्हणून गावात आरोग्य उद्यान होणार. रतनबाई शेणाची पाटी डोक्यावर घेऊन तिथूनच चालली होती. "आडात न्हाई ते पोहऱ्यात कुठनं येणार," असं पुटपुटत ती पुढं गेली. तेव्हा तिला नुसतं हसू आलं होतं, कारण उद्यान कुठं होणार हे तिला ठाऊक नव्हतं.

ते होणार होतं खळ्यावर.

विंझरच्या अलीकडची ही वाडी सगळी उतारावर वसलेली. पाण्याचा तांब्या ठेवायचा तरी खाली खडा लावावा लागतो. सपाट म्हणावी अशी जागा एकच, वाडीचं सामाईक खळं. भात आता मशीनवर निघतं, तरी खळ्याच्या मधोमध जुनी मेढ उभी होती. मळणीला बैल फिरायचे ते त्या खांबाभोवती. खळ्याचे दोन नेम मात्र कुणी मोडले नव्हते. पायताण बाहेर काढायचं, आणि खळ्याला दार लावायचं नाही. धान्याची रास उघड्यावर पडून राहिली तरी तिला कुणी हात लावत नसे.

गेल्या साली रतनबाईच्या नवऱ्याला, गेनबाला लकवा मारला आणि उजवा पाय लुळा पडला. नसरापूरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, गोळ्या देते, पण खरं औषध चालणं. रोज चालवा, सपाटीला चालवा, खंड पडला तर पाय आखडेल. रस्त्यावर चालवायची सोय नव्हती. शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या अशा सुटतात की म्हशीसुद्धा कडेला अंग चोरून उभ्या राहतात. मग रतनबाईनंच डोकं चालवलं. तिनं मेढीला दावं बांधलं आणि दुसरं टोक गेनबाच्या हातात दिलं. दावं ताणून धरलं की तोल जात नाही.

"जल्मभर बैलं फिरवली, आता माझी पाळी म्हण की," गेनबा म्हणाला.

"बैलं बरी हुती. बोलत नव्हती."

हळूहळू गेनबा दावं सैल धरून फिरायला लागला. रतनबाई कडेला बसून तांदूळ निवडायची आणि एक डोळा त्याच्यावर ठेवायची. भात कापणीला हा आपल्या पायांनी बांधावर येणार, असं तिनं मनाशी धरलं होतं. नवरा पुन्हा चालता व्हावा, एवढंच तिला हवं होतं.

आणि मग जेसीबी आला. मेढ उपटून गटाराकडेला टाकली. तिच्या जागी लोखंडी खांब आला, त्याला धरून फिरत्या चकतीवर उभं राहायचं आणि कंबर हलवायची. बाजूला पायानं रेटायचं एक यंत्र, लोंबकळायचं एक. जन्मभर चिखलणी करून ज्या बायांच्या कंबरा मोडल्या, त्यांनी आता चकतीवर चढून कंबर हलवायची म्हणे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. सगळ्याभोवती तारेचं कुंपण घातलं, फाटक बसवलं आणि फाटकाला हे एवढं कुलूप लावलं.

"आनंदा, कुलूप कशाला रं?" रतनबाईनं त्याला रस्त्यातच गाठलं.

"काकी, उद्घाटन व्हायचंय. सायबांची तारीख मिळाली की उघडू. तवर कुणी मोडतोड केली म्हंजी?"

"आन ह्यांनी चालायचं कुठं?"

"चार दिवस कळ काढा की. मग मशीनवरच चालत्याल."

त्याचे चार दिवस सरता सरेनात. गणपती गेले, दसरा गेला. रतनबाई गेनबाला अंगणात चालवायची, पण अंगण उताराचं. एकदा तो गटाराशी कोलमडला आणि त्यानंतर खाटेवरून उठायला तयार होईना. मांडी वाळत चालली. रतनबाईला रडू यायचं, पण रडण्याआधी संताप यायचा. सरपंचाला व्यायाम सांगायला तोंड आहे, आणि व्यायाम करणाऱ्याला जागा नाही.

शेवटी तारीख मिळाली. आनंदराव स्वतः दारात आला, मोटरसायकलवरच. "काकी, फोटोत सगळ्या वयाची माणसं पायजेत. शाळंतली पोरं हायत, म्हातारं माणूस तेवढं कमी पडतंय. काकांना आणा."

रतनबाईच्या ओठावर शिवी आली होती. पण खाटेवरून गेनबा म्हणाला, "जाऊ. खळ्याला पाय तरी लागंल." तिनं शिवी गिळली.

साहेब आणि त्यांची माणसं बुटांसकट खळ्यात शिरली. रतनबाईनं मात्र फाटकाशी बसून गेनबाच्या वहाणा काढल्या. आत गेल्यावर सवयीनं त्याचा हात दाव्यासाठी पुढं झाला, तिथं दावं नव्हतं. चार पावलांत पाय लटपटला. दोघांनी बखोटीला धरून त्याला पाय रेटायच्या यंत्रावर बसवलं. वेदनेनं त्याचं तोंड वाकडं झालं आणि फोटोवाला म्हणाला, "आजोबा, छान हसताय, असंच राहा." साहेबांनी आरोग्यावर भाषण केलं आणि गाडीत बसून गेले. गुरं शिरतील म्हणून दुपारी फाटकाला पुन्हा कुलूप पडलं.

आठवड्यात फाटकावर फ्लेक्स लागला. यंत्रावर गेनबा, शेजारी हात जोडून आनंदराव, आणि वर अक्षरं, 'वय विसरा, व्यायाम करा!' रतनबाईनं ते उभ्या उभ्या वाचलं, घरी गेली आणि पहार घेऊन आली.

कुलूप फुटल्याचा आवाज वाडीभर गेला. माणसं गोळा झाली. आनंदराव गाडी उभी करून बुटांसकट आत आला. "काकी, सरकारी माल हाय. कुणाला इचारून फोडलंत?"

रतनबाईनं पहारीनं फ्लेक्सकडं दाखवलं. "त्यो फोटोतला म्हातारा आत बसलाय न्हवं? मग खऱ्याला भाईर का ठिवलायस?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

रतनबाई सरपंचाला तिथंच सोडून घरी गेली आणि गेनबाला खांद्याचा आधार देत घेऊन आली. फाटकाशी त्याच्या वहाणा काढल्या. चकतीच्या खांबाला दावं बांधलं, टोक त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "चला." गेनबाचा गुडघा वाकला, दावं ताणलं गेलं, पण तो पडला नाही. एक पाऊल पडलं. मग दुसरं, फरफटत.

रतनबाई सरपंचाकडं वळली. "आनंदा, आत उभं ऱ्हायचं तर पायताण काढ. खळं हाय हे."

सगळी वाडी बघत होती. आनंदराव बुटाच्या नाड्या सोडायला वाकला. पोट आड येत होतं, हात पोचेनात. एक नाडी सुटेपर्यंत त्याला धाप लागली आणि तो कुंपणाचा खांब धरून उभा राहिला. तोवर गेनबा अर्धा फेरा पुढं गेला होता.