तेराशे पाच सालचा जन्म

आमच्या कचेरीच्या भिंतीवर एक तक्ता लटकत असे. त्यात तीन रकाने होते: इसवी, हिजरी आणि फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कारभाराचं साल. निजामाचं राज्य जाऊन सात वर्षं होत आली होती, पण माणसांचे जन्म अजून त्या राज्याच्या कागदांतच अडकले होते. कुणाच्या दाखल्यावर हिजरी साल असे, जुन्या सरकारी नोकरांच्या कागदांवर बहुतेक फसली. ती सालं इसवीत उतरवण्याचं काम माझ्याकडे होतं. एकोणीसशे पंचावन्न साली जालन्याच्या त्या कचेरीत मी हंगामी कारकून होतो. वय तेवीस, आणि अक्कल किती होती ते पुढं कळेलच.

त्या उन्हाळ्यात सरकारनं एक योजना काढली. खेड्यांतल्या शाळांना मास्तर मिळत नव्हते. म्हणून ज्याला मास्तर व्हायचं असेल त्याला औरंगाबादला वर्षभराचा वर्ग, आणि वर्ग चालेतो राहण्या-जेवण्यापुरतं शिक्षणवेतन. पेन्शनरसुद्धा पात्र होते. अट एवढीच, की एक जुलैला साठ वर्षं पुरी झालेली नसावीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दीनानाथकाका अर्ज घेऊन आले. अंगात स्वच्छ धुतलेला कोट, डोक्यावर काळी टोपी. परतूरच्या तहसिलीत त्यांनी तीस वर्षं नकला उतरवल्या होत्या, सगळ्या उर्दूत. पेन्शनीत निघाल्यावर बायकोला घेऊन कुंभार पिंपळगावला राहायला गेले होते.

"गजाननराव, पेन्शनर बिलकुल चालतो ना? मागून न्हाई म्हणू नका," ते म्हणाले.

"चालतो काका. साठीच्या आत पायजे फक्त."

"मंग झालं! मार्गशीर्षात साठ पुरे व्हायचेत. सहा महिने हायेत माझ्यापाशी." त्यांनी पिशवीतून एक वही काढली. "हे बघा. देवनागरी अक्षर सुधरवून राह्यलो. हात उर्दूला बसलेला, उजवीकडून पळतो अजून."

वहीत कित्ता गिरवलेला होता. पानंच्या पानं. उतरवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचं अक्षर ते, मोत्यासारखं. मी उगाच शेरा मारला, "काका, या वयात शाळेत जायची हौस?"

ते हसले, पण मग गंभीर झाले. "तीस वर्षं दुसऱ्याचे फैसले उतरवले, बाबा. माझं म्हणून एक वाक्य न्हाई त्यात. गावात शाळा बांधून ठेवलीय, मास्तर न्हाई. कडूबा पाटील म्हणले, तुम्ही शिकून या, आम्ही पोरं पाठवतो. एकदा तरी फळ्यापुढं उभं राहावं, आपल्या तोंडानं काही सांगावं, एवढंच हाय. यंदा हुकलं तर मंग हुकलंच."

"काळजी करू नका," मी मोठ्या ऐटीत म्हणालो. "जन्मसाल आम्ही बराबर काढतो. रोजचंच काम आहे."

त्यांचा कागद माझ्या हाती आला तो आठ दिवसांनी, शंभरेक अर्जांच्या गठ्ठ्यात. दुपार टळली होती, पोटात कावळे ओरडत होते आणि हेडक्लार्क भुजंगराव यादी मागत होते. दीनानाथकाकांच्या नोकरीच्या उताऱ्यावर साल होतं तेराशे पाच. मी तक्त्यावर वरून बोट फिरवत आलो, तेराशे पाच दिसलं, शेजारी इसवी अठराशे अठ्ठ्याऐंशी. वय सदुसष्ट! खरं सांगतो, मला त्या माणसाचा राग आला. मार्गशीर्षात साठ म्हणे! चांगला कोट घालून, मोत्यासारखं अक्षर दाखवून आठ वर्षं चोरतो. मी जरा जोरानंच लिहिलं, 'वय सदुसष्ट, अपात्र'. भुजंगरावांनी न वाचता सही केली. कागद पिंपळगावी गेला आणि पात्र लोकांची यादी औरंगाबादला.

जूनच्या शेवटच्या दिवशी काका आले. हातात आमचा कागद होता. मला वाटलं, आता भांडतील, म्हणून मी आधीच कपाळाला आठ्या घातल्या.

ते भांडले नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले, "चूक माझीच झाली, गजाननराव. मी आपलं फसलीत मोजत बसलो. फसलीत साठ भरत न्हाईत. आता इसवी आली. कोसाचे मैल केले की आकडा वाढतो, तसंच असंल ते. मला कुठं ठावं? सरकारचा शिक्का हाय म्हणल्यावर बराबरच असणार."

मी मान वर केली.

"पण एक विचारायचं होतं." त्यांचा आवाज खाली आला. "मी फसलीत पंचावन्न भरल्यावर पेन्शनीत निघालो. या हिशेबानं तेव्हा त्रेसष्ट भरले असतील. म्हंजे आठ वर्षं मी जास्तीची नोकरी केली. तो पगार परत मागतील का? चार रात्री झोप न्हाई. रमाबाईला सांगितलं न्हाई अजून."

फसली. मी खुर्चीवरून उठलो आणि तक्त्यापाशी गेलो. तेराशे पाच हा आकडा त्यावर दोनदा येतो. एकदा हिजरीच्या रकान्यात, आणि आठ ओळी खाली फसलीच्या रकान्यात. माझं बोट वरच्याच आकड्यावर थांबलं होतं. फसलीच्या ओळीला इसवी होतं अठराशे पंच्याण्णव-शहाण्णव. माणूस एकोणसाठ वर्षांचा होता. सहा महिने होते त्यांच्यापाशी, त्यांनी सांगितलं होतं तसेच.

काकांना बाकावर बसवलं आणि आत जाऊन भुजंगरावांना सगळं सांगितलं.

त्यांनी पानाचा डबा मिटला. "यादी गेली. उद्या एक तारीख. आता वर कळवलं तर मला जाब विचारतील आन् तुला घरी बसवतील. तू हंगामी हायेस. म्हातारा काय म्हणतो?"

"ते म्हणतात, चूक त्यांचीच."

"मंग तू कशाला आपल्या अंगावर घेतो?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच आजही लाज वाटते. मी बाहेर आलो आणि काकांना म्हणालो, "पगार परत नाही मागणार कुणी. निश्चिंत राहा."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "मोठी मेहेरबानी झाली, बाबा. देव तुमचं भलं करो." वही पिशवीत तशीच होती, तिचा कोपरा बाहेर दिसत होता. या वेळी त्यांनी ती काढली नाही.

डिसेंबरात मला शाळांची पाहणी करायला पाठवलं, त्यात कुंभार पिंपळगावचं नाव होतं. परतूरला गाडीतून उतरून पुढं बैलगाडीनं गेलो. शाळेला कुलूप होतं, व्हरांड्यात शेळ्या बसलेल्या. मी कागदावर लिहिलं, 'शाळा बंद, शिक्षक नाही'. लिहिताना माझीच मला शिसारी आली. तिथंच मनाशी ठरवलं, आज काकांच्या घरी जायचं आणि खरं सांगून टाकायचं. मग नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

दारात रमाबाई तांदूळ निवडत होत्या. मी जालन्याच्या कचेरीतला म्हणताच त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि घाईनं चटई अंथरली. आतल्या खोलीत काका पडलेले दिसले, भिंतीकडे तोंड करून. उशाशी काठी होती. जूनमध्ये काठी नव्हती.

"दुखणं न्हाई काही," रमाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "तुमचा कागद आला तवापासून असं चालू हाय. म्हणतात, सदुसष्ट म्हंजे काय कमी झाले? जिना चढायचं सोडलं, लिहायचं सोडलं. वही चुलीत घालाय निघाले व्हते, मी लपवून ठेवली."

त्यांनी कोपऱ्यातल्या पेटीकडे बोट दाखवलं.

"येत्या वद्य पंचमीला त्यांची साठीशांत करायची म्हणून धोतरजोडी आणून ठेवली व्हती मी. गुरुजींना सांगून ठेवलं व्हतं. तर मलाच रागावले. म्हणाले, साठी उलटून सात वर्षं झाली, आता शांत कशाची करतीस, मेल्यावर कर. पण भाऊ, माझ्या सासूबाई सांगायच्या, हे रांगत व्हते तवा गावात पहिल्यांदा पलेग आल्ता. मी अडाणी. तरी बोटं मोजली की साठच येतात." त्या पुढं सरकल्या. "तुम्ही तर कचेरीतले. तुम्ही सांगाल ते ऐकतील ते. खरं काय? साठ का सदुसष्ट?"

तेवढंच विचारलं त्यांनी. माझ्या जिभेवर साठ होतं. साठ म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, मग तो कागद कुणी लिहिला. जानेवारीत मला कायम करणार होते, तो हुकूम भुजंगरावांच्या टेबलावर होता.

"कागदावर सदुसष्टच आहे, काकू," मी म्हणालो.

रमाबाईंनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. आतून काकांचा आवाज आला. कित्येक महिन्यांनी कुणीतरी आपली बाजू घेतली, अशा समाधानाचा आवाज होता तो.

"ऐकलंस ना? सरकारचा माणूस बी तेच सांगून राह्यला. ते धोतर गजाननरावांना दे. इतक्या लांबून आलेत."

त्यांनी ते दिलं, आणि मी घेतलं.