खारूची कोरी झोप

मी उशी बोलतेय. जरा हळूच बोलेन, कारण मोठ्याने बोलायची मला सवय नाही आणि माझं ऐकणारे बहुतेक वेळा डोळे मिटूनच असतात.

माझा जन्म गादीवाल्याच्या दुकानात झाला. त्याने कापूस पिंजला तेव्हा सगळी खोली ढगात गेली होती. माझ्या पोटात मूठ-मूठ कापूस भरताना तो म्हणाला होता, "फार ठासून भरली की मान दुखते." म्हणून त्याने थोडी जागा मोकळी सोडली. त्या जागेतच बहुधा स्वप्नं मावतात.

गेली कितीतरी वर्षं मी एकाच मुलीची आहे. सतत काहीतरी कुरतडत असते म्हणून घरात तिला खारू म्हणतात. आता ती सोळा वर्षांची झाली. पाण्यावर चालणारी सायकल, न संपणारा जिना, गणिताचा पेपर, सगळी स्वप्नं माझ्यातूनच जातात. मी कुणाला सांगत नाही. उशीनेच चुगली केली तर माणसांनी झोपायचं कुठे?

परवा दुपारी मैत्रिणीच्या वाढदिवसाहून ती भिंत धरत-धरत आली आणि माझ्यावर कोसळली. तोंडाला दारूचा वास येत होता. त्या झोपेत एकही स्वप्न आलं नाही. नुसती कोरी झोप. मी फार घाबरले.

तिची आई परिचारिका. तिने हाका मारल्या, श्वास पाहिला, लेकीला कुशीवर वळवलं आणि मला डोक्याखालून काढून पाठीशी लावलं. उताणी होऊन उलटी झाली असती तर पोर गुदमरली असती.

बाबा गॅरेजमधून तसेच धावत आले. हातांना काळं वंगण. "उठव तिला! आत्ताच्या आत्ता विचारतो!"

"आत्ता काय सांगणार ती? आधी शुद्धीवर येऊ दे. तुम्ही हात धुवा."

आई बादली घेऊन शेजारी बसून राहिली. दर थोड्या वेळाने ती लेकीला हाक मारायची, श्वास बघायची. खारू दोनदा ओकली. आईने तोंड पुसलं, पण रागाचा एक शब्द काढला नाही.

उन्हं उतरताना खारू नीट जागी झाली. "कुणी पाजली?" बाबांनी विचारलं.

"सरबतात कुणीतरी मिसळली."

झालं! बाबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "थांब, त्या मैत्रिणीच्या बापालाच जाब विचारतो!" चपला घालून ते दारापर्यंत पोचलेसुद्धा.

खारूने मला पोटाशी आवळलं. तिने एकदा आईकडे पाहिलं. आई बादली विसळून आणत होती.

"बाबा, जाऊ नका. कुणी नाही मिसळली. मीच मागितली. मला बघायचं होतं."

मला वाटलं, आता हात उठणार. पण बाबांनी चपला काढल्या आणि ते पलंगावर येऊन बसले.

"कशी लागली?"

"घाण."

"मग एवढी का प्यायलीस?"

"सगळे बघत होते."

"आणि घरी कुणी सोडलं?"

"मैत्रिणीच्या दादाने. स्कूटरवर." तिने मान खाली घातली. "त्यानेही घेतली होती."

बाबांचा चेहरा पांढरा पडला. अपघातात चेपलेल्या गाड्या रोज त्यांच्याच हाताखाली येतात.

"महिनाभर पार्ट्या बंद," ते म्हणाले. "आणि पुन्हा कुठे अडकलीस तर मला फोन कर. कितीही वाजले असू देत, मी येईन. रस्ताभर एक अक्षर बोलणार नाही."

"आणि घरी आल्यावर?"

"घरी आल्यावर बोलणार. बाप आहे मी."

रडता-रडता खारू फिसकन हसली.

मी आता जुनी झालेय. कापसाच्या गाठी झाल्यात, शिवण उसवतेय. पण आज खारू शाळेत गेल्यावर बाबा खोलीत आले, मला मांडीवर घेतलं आणि माझ्यात तोंड खुपसून लहान मुलासारखे रडले. मग ओली बाजू खाली करून त्यांनी मला नीट ठेवलं आणि ते कामाला गेले.

बाबा, तुमचा राग तिने पाहिलाय. हे मात्र तिला ठाऊक नाही आणि मला काही तिच्याशी बोलता येत नाही. तेवढं तुम्हीच सांगा तिला, की त्या दिवशी तुम्ही किती घाबरला होता.