पोस्टरवरची घोंगडी

ईट गावच्या श्रीपती कांबळ्यांच्या घरात हलगीचं नाव काढायची सोय नव्हती. त्यांचे वडील धोंडीबा गावकीची हलगी वाजवायचे. कुणी मेलं की मयतीपुढं, जत्रेत पालखीपुढं, आणि त्या बदल्यात दारोदार भाकरी मागायची. छप्पन साली दीक्षा घेतली आणि गावात परत आल्याबरोबर त्यांनी हलगी, मागायला जाताना खांद्यावर घ्यायची घोंगडी आणि घुंगुरकाठी एका ढिगात घालून पेटवली. श्रीपती तेव्हा जन्मलेही नव्हते. पण एसटीत कंडक्टरकी करता करता त्यांनी त्या जाळाची गोष्ट निम्म्या जिल्ह्याला ऐकवली होती.

आणि त्यांच्याच पोरानं हलगी धरली. धाराशिवच्या कॉलेजात शिकताना गॅदरिंगच्या तयारीत अमरदीपनं कुणाची तरी हलगी सहज हातात घेतली, ती सुटलीच नाही. श्रीपती वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत. शेवटी त्याची आई, मुक्ताबाई, मध्ये पडल्या. "त्याला कोण मागायला लावतंय आता? पॅन्ट-शर्ट घालून, मान ताठ करून वाजवतोय की." एवढ्या एका गोष्टीवर श्रीपती नरमले.

पुढं पुण्याच्या रणधीरनं त्याला आपल्या बँडमध्ये घेतलं. देशोदेशीची वाद्यं एकत्र आणायची, संगीतानं माणसं जोडायची, असं रणधीर सगळीकडं सांगायचा. अमरदीपला सुरुवातीला ते भाषण वाटायचं. मग तालमीत पोर्तुगालची इनेस भेटली. ती चेलो वाजवायची, मांडीशी उभं धरून वाजवायचं ते मोठं व्हायोलिन. पहिल्याच दिवशी तिनं त्याला खुणेनं सांगितलं, आधी तोंडानं म्हण. त्यानं बोल म्हटले. तिनं डोळे मिटून ऐकले आणि गजाच्या फटकाऱ्यांनी तेच बोल चेलोच्या जाड तारेवर उचलले. एकमेकांची भाषा येत नसताना दोघं दोन तास वाजवत राहिली. त्या खुशीत त्यानं शिक्षणानंतर त्याच कॉलेजात लागलेली हंगामी नोकरी सोडली आणि रणधीरच्या तीन वर्षांच्या करारावर, नीट न वाचता, सही केली.

गोव्याच्या पहिल्या कार्यक्रमाआधी रणधीरनं पिशवीतून घोंगडी आणि घुंगुरकाठी काढली.

"हे कशाला?" अमरदीपनं विचारलं.

"अस्सल वाटतं. बाहेरच्यांना हेच बघायचं असतं."

नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर रंगमंचावरून त्याचं नाव पुकारलं गेलं होतं. त्यानं घोंगडी खांद्यावर घेतली. मग दिल्लीत घेतली, बंगळुरूत घेतली. दर वेळी ती टोचायची आणि दर वेळी चेलो सुरू झाला की तो ते विसरायचा. घरी मात्र त्यानं एक फोटो पाठवला नाही.

वर्षभरानं कार्यक्रम धाराशिवलाच ठरला. मुक्ताबाईंनी गल्लीभर सांगितलं. अमरदीप रणधीरला म्हणाला, "आज घोंगडी नको. माझे आई-वडील येणारेत."

"अरे, मग तर हवीच! सगळ्या जाहिराती तशाच लागल्यात."

अमरदीप धावत बाहेर आला. नाट्यगृहाच्या फाटकावर पुरुषभर उंचीचं पोस्टर होतं. त्यात तो, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. खाली लिहिलेलं : 'पिढ्यान्‌पिढ्या गावकीची हलगी वाजवणारा कलावंत'. पोस्टरसमोर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून श्रीपती उभे होते. मुक्ताबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

"अण्णा..."

"किती दिस झालं हे?"

"वर्ष झालं."

श्रीपतींनी पोस्टर पुन्हा वाचलं, तिकिटावरचा आकडा वाचावा तसं, अक्षर अक्षर. "जा. तुझी वेळ झाली असंल."

"तुम्ही घरी जा ना, अण्णा."

"न्हाय. आलोय तर बसणार."

अमरदीपला वाटलं, आता नुसत्या शर्टवर जायचं. पण विंगेत आलेल्या माणसांच्या गर्दीत रणधीरनं घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकली, दिवे लागले आणि त्याचे पाय पुढं गेले. तिसऱ्या रांगेतला पांढरा शर्ट त्याला स्पष्ट दिसत होता. त्या दिवशी त्यानं वाजवलं तसं कधीच वाजवलं नव्हतं. टाळ्या थांबेनात. श्रीपतींचे हात मांडीवरच होते.

नंतर ते मागं आले. "वाजवलंस चांगलं. ते म्हटलं न्हाय तर खोटं हुईल." मग म्हणाले, "त्या घोंगडीबिगर वाजत न्हाय का रं?"

"वाजतं."

"मग?"

अमरदीपनं घोंगडी खांद्यावरून खाली उतरवली.

ते गेल्यावर त्यानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत इनेसला घोंगडी म्हणजे काय ते सांगितलं. तिचा चेहरा उतरला. रणधीरनं तिला तो मेंढपाळाचा पोशाख म्हणून सांगितला होता. ती तडक रणधीरकडं गेली, बराच वेळ भांडली. रणधीर शांतपणे अमरदीपला म्हणाला, "पोशाख गट ठरवणार, असं करारात आहे. पटत नसेल तर सोड. पण उरलेली दोन वर्षं तुला दुसरीकडं कुठंही वाजवता येणार नाही. रेकॉर्ड झालेले बोल गटाचे."

अमरदीपनं सोडलं. धाराशिवच्या एका वकिलाला करार दाखवला. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "सही करताना वाचला नव्हता का?" कॉलेजातली जागा भरली होती. लग्नाच्या, जयंतीच्या सुपाऱ्या येत, तो नाही म्हणे. उन्हाळ्यात लिस्बनच्या कार्यक्रमाची चित्रफीत फोनवर आली. घोंगडी घेतलेला कुणी अनोळखी पोरगा हलगी नुसती धरून उभा होता आणि आवाज अमरदीपचा होता. इनेस त्यात नव्हती. तिचा निरोप वेगळा आला : मीही सोडलं.

त्या दिवसापासून तो घराबाहेर पडेना. जेवताना, फोन बघताना बोटं ताटलीच्या काठावर, खाटेच्या लाकडावर आपटत राहायची. मुक्ताबाई म्हणायच्या, "गप बस की रं जरा." तो बोटं मुठीत दाबायचा.

एका सकाळी श्रीपतींनी पेपर बाजूला ठेवला. "घरात वाजवायला बी बंदी हाय का कागदात?"

"घराचं काय लिहिलेलं न्हाय."

"मग आण."

"अण्णा, तुम्हाला..."

"आण म्हटलं ना."

त्यानं हलगी काढली, चुलीपाशी धरून चामडं तापवलं आणि वाजवायला बसला. श्रीपती समोर खुर्चीत बसून ऐकत होते. दहा मिनिटांत शेजारची पोरं खिडकीशी जमली. एकानं चित्रण करायला फोन वर धरला. ते बाहेर गेलं तर करार आडवा येईल म्हणून मुक्ताबाई लगबगीनं उठल्या आणि त्यांनी दार-खिडक्या लावून घेतल्या. खोलीत उकडायला लागलं. श्रीपतींचा शर्ट पाठीवर घामानं भिजला, तरी ते हलले नाहीत.

"वाजव," ते म्हणाले. "हळू वाजव, पण वाजव."

काडीनं हलगी काही हळू वाजत नाही. अमरदीपनं काडी ठेवून दिली आणि नुसत्या बोटांच्या टोकांनी, जेमतेम दारापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात, पुन्हा सुरुवात केली.